दोन पट्ट्या जेथे छेदतात

दोन लाकडी पट्ट्या एकमेकींना काटकोनात छेदून पलीकडे जाणार असतील, तर छेदाच्या त्या ठिकाणी दोघींनाही अखंड राहता येत नाही; एकीने तरी आपले अंग तोडून घेतले पाहिजे, किंवा दोघींनी निम्मे निम्मे सोडले पाहिजे. ही गोष्ट ऐकावयास इतकी क्षुल्लक आहे की, तिच्यावर मासिकाची पाने खर्ची घालणारा लेखक रिकामटेकडा असावा, असा वाचकाचा ग्रह झाला तर त्यात वाचकाचा दोष नाही. परंतु सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये बांधल्या गेलेल्या ज्या घरांची चित्रे आपण पुस्तकांतून पाहतो, आणि त्याच धाटणीवर मुंबईच्या कोटात, पुण्याच्या लष्कर भागात व महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत ज्या लहान लहान तावदानांच्या खिडक्या बसविल्या गेल्या, त्यांचे सारे सौष्ठव या एका प्रश्नाचे उत्तर सुतारांनी कसे दिले यावर अवलंबून आहे. त्या खिडक्यांकडे पाहताना आपली दृष्टी काचेतून पलीकडे जाते. काचांना धरून ठेवणाऱ्या अरुंद पट्ट्यांवर ती क्वचितच थांबते, आणि त्या पट्ट्या जेथे एकमेकींस भेटतात तेथे तर ती मुळीच थांबत नाही. सांधा उत्तम साधला असल्याची ही खूण असली, तरी तो साधणाऱ्या कारागिरावर तिने अन्यायच केला आहे.

मुळात इतक्या पट्ट्या हव्यात कशाला, असा प्रश्न आजच्या माणसाला पडेल, कारण दुकानात माप सांगितले की तेवढी काच कापून मिळते. जुन्या काळी खिडकीसाठी वापरली जाणारी उत्तम काच ज्या रीतीने तयार होत असे, त्या रीतीतच तिच्या आकाराची मर्यादा होती. नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन तो फुगवावयाचा, दुसऱ्या अंगाने त्याला लोखंडी सळई चिकटवून नळी अलग करावयाची, आणि भट्टीच्या तोंडाशी तो पुन्हा तापवीत सळई जोराने फिरवावयाची, म्हणजे तो फुगा एकाएकी उमलून चार-पाच फूट व्यासाच्या पातळ वर्तुळाकार चकतीत पसरत असे. चकतीच्या मध्यभागी सळई चिकटलेल्या ठिकाणी जाड गाठ राही. ती वगळून उरलेल्या भागातून जेवढे आयत निघतील तेवढे कापून घ्यावयाचे. कोणत्याही पृष्ठाचा स्पर्श न होता थंड झालेली ती काच कमालीची झळाळदार असे, परंतु वर्तुळातून, आणि तेही मधला भाग सोडून, मोठे आयत काढता येत नाहीत, हे भूमिती न शिकलेल्यालाही कळण्यासारखे आहे. मोठी खिडकी हवी तर लहान काचा एकमेकींशेजारी मांडणे आणि त्यांच्यामध्ये काहीतरी आधार देणे, एवढाच मार्ग होता. त्याही पूर्वी, एलिझाबेथ राणीच्या काळी, हा आधार शिशाच्या बारीक पन्हळींचा असे; काचेचे तुकडे त्यांत अडकवून पन्हळी एकमेकींना डाखाने जोडीत. शिसे मऊ व वाकणारे असल्यामुळे त्याला मागून लोखंडी सळयांचा टेका द्यावा लागे. लाकडी पट्टी आली तेव्हा ती काच धरणारी व काचेचा भार वाहणारी अशी दोन्ही कामे एकटी करू लागली.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. इंग्लंडमध्ये १६९६ साली खिडक्यांवर कर बसविण्यात आला आणि तो १८५१ पर्यंत वसूल होत राहिला. त्या करामुळे खिडक्या लहान लहान चौकोनांच्या झाल्या, असे पुष्कळदा छातीठोकपणे सांगितले जाते. कर होता तो घराच्या खिडक्यांच्या संख्येवर. एका खिडकीत काचा सहा की बारा, याच्याशी वसुली करणाऱ्या अंमलदाराला कर्तव्य नव्हते. त्या करापायी लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या हे खरे, पण उरलेल्या खिडक्यांतील पट्ट्यांचा त्याच्याशी संबंध नाही. संबंध असलाच तर तो दुसऱ्या एका जकातीचा आहे. १७४६ पासून काचेवर जी अबकारी जकात लागू झाली, ती काचेच्या वजनावर होती. साहजिकच पातळ काच करण्याकडे कारखानदारांचा कल राहिला, आणि पातळ काच म्हणजे लहान काच. ही जकात १८४५ मध्ये उठली. त्यानंतर थोड्याच वर्षांत खिडक्यांतील पट्ट्या भराभर कमी होऊ लागल्या, हा योगायोग नव्हे.

आता पट्टीकडे वळू. दुरून ती एक साधी काठी दिसते. करवतीने आडवी कापून तिचा छेद पाहिला, तर एवढ्याशा लाकडाच्या अंगात किती कामे कोंबली आहेत ते ध्यानात येते. खोलीच्या बाजूस तिच्या दोन्ही कडांना गोलाई दिलेली असते. जुन्या पट्ट्यांत ती पाव वर्तुळाची, पुढे पुढे अधिक नाजूक, उलटसुलट वळणांची. या गोलाईमुळे उजेड पट्टीवर अडून न राहता तिच्यावरून घरंगळत आत येतो आणि पट्टी आहे त्याहून बारीक भासते. मधोमध पट्टी पुऱ्या रुंदीची असते. बाहेरच्या बाजूस दोन्हीकडून लाकूड पायरीसारखे काढून टाकलेले असते. त्या पायऱ्यांवर दोन शेजारच्या काचा टेकतात, आणि त्यांच्यामध्ये लाकडाची केवळ एक पातळ जीभ उरते. काच पायरीवर बसविताना खाली लांबीचा पातळ थर द्यावयाचा, बिनडोक्याचे बारीक खिळे मारून काच अडकवावयाची, आणि बाहेरून तिरप्या उताराने लांबी लावावयाची, म्हणजे पावसाचे पाणी काचेवरून निसटून जाते. ही लांबी जवसाच्या तेलात खडूची पूड मळून केलेली असते. ती सावकाश वाळते व अखेरीस दगडासारखी कठीण होते. मग काच स्वतःच झडपेला तिरपे होण्यापासून काही अंशी आवरू लागते.

अशा दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तेव्हा केवळ लाकडात लाकूड बसवून भागत नाही. खोलीच्या बाजूची गोलाई एका पट्टीवरून दुसरीवर न तुटता वळली पाहिजे. बाहेरच्या बाजूस चारही काचांच्या पायऱ्या एकाच पातळीत आल्या पाहिजेत. आणि या दोहोंच्या मध्ये, जेथे कोणाची दृष्टी पोचत नाही तेथे, सांध्याला बळ राहिले पाहिजे. हे सर्व पाऊण इंच रुंदीच्या, कधी कधी अर्ध्याच इंचाच्या लाकडात.

इंग्लिश सुतारांच्या परंपरेत सर्वमान्य ठरलेली रीत अशी: दोहोंपैकी एक पट्टी अखंड ठेवावयाची आणि छेदाच्या ठिकाणी तिच्या अंगात आरपार खाच पाडावयाची, दुसरी पट्टी तेथे तोडून तिचे दोन तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्याच्या टोकाला आखूड कुसू काढावयाचे, आणि ती दोन्ही कुसवे दोन बाजूंनी त्या एकाच खाचेत शिरवून आत एकमेकांना भिडवावयाची. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की, दोन्ही पट्ट्या सरळ आरपार गेल्या आहेत. वस्तुतः एक गेलेली असते, दुसरीने केवळ तसा आभास निर्माण केलेला असतो. दोन्ही पट्ट्यांना निम्मी निम्मी खाच पाडून एकीत दुसरी बसविण्याची दुसरी रीत सोपी आहे, जलद आहे, आणि जाड पट्ट्यांच्या दारात ती खपूनही जाते. जपानी घरांतील कागदी सरकत्या दारांच्या जाळ्या तर मुख्यतः याच तत्त्वावर उभ्या असतात, पण तेथे काचेचे ओझे नसते. बारीक पट्टीला मात्र ही रीत मानवत नाही. आधीच गोलाईने आणि पायऱ्यांनी खाऊन टाकलेल्या लाकडाचा अर्धा भाग आणखी काढला, म्हणजे ऐन छेदावर जे उरते ते हाताच्या दाबानेही मोडेल. शिवाय दोन्ही पट्ट्या एकाच ठिकाणी सारख्याच दुबळ्या होतात. न्यायाच्या दृष्टीने निम्मे-निम्मे वाटून घेणे शोभत असेल, परंतु लाकडाच्या व्यवहारात एकाने पूर्ण राहणे आणि दुसऱ्याने पूर्ण माघार घेणे हेच दोघांच्या हिताचे ठरते.

मग माघार कोणी घ्यावी? येथे जुन्या सुतारांचे तारतम्य दिसते. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीत, म्हणजे जिची झडप चौकटीच्या पोकळ बाजूंत लपविलेल्या वजनांच्या आणि कप्प्यांवरून गेलेल्या दोऱ्यांच्या आधाराने तोललेली असते तिच्यात, उभी पट्टी अखंड ठेवतात व आडवी तोडतात. कारण झडपेच्या वरच्या व खालच्या आडव्या दांड्यांना एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवणे, आणि उचलताना-ढकलताना येणारा जोर एकीकडून दुसरीकडे पोचविणे, हे काम उभ्या पट्टीचे आहे. याउलट बिजागरीवर फिरणाऱ्या खिडकीत किंवा काचेच्या दारात आडवी पट्टी अखंड असते. अशी झडप एका अंगाने लोंबकळत असते, तिचा भार आडवा चालत बिजागरीकडे जातो, आणि वाऱ्याने दार आपटले म्हणजे बसणारा धक्काही आडवाच येतो. त्या धक्क्याला तुकड्यांची रांग पुरी पडत नाही, अखंड लाकूड लागते. जुनी वास्तू पाहावयास गेलेल्या जिज्ञासूने खिडकीच्या छेदावर नजर लावून लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने सलग गेले आहेत ते पाहिले, तर ती खिडकी घडविणाऱ्याला आपला धंदा कळत होता की नाही याचा निकाल त्याला जागच्या जागी देता येईल. रंगाचे सात-आठ थर चढलेले असले तर मात्र हा निकाल राखून ठेवावा लागतो.

बळाची व्यवस्था अशी लागली, तरी गोलाईचा प्रश्न उरतोच, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या कारागिरीतील सर्वांत बुद्धिमान भाग तोच आहे. दोन गोलाईदार पट्ट्या काटकोनात जोडावयाच्या तर पहिली सुचणारी युक्ती म्हणजे दोहोंची टोके पंचेचाळीस अंशांत तिरपी कापून भिडविणे. तसबिरीच्या चौकटीचे कोपरे असेच असतात. नव्या कामात हा सांधा निर्दोष दिसतो. पण लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही आणि रुंदीच्या दिशेने आक्रसते, हा त्याचा स्वभाव असल्यामुळे वर्ष-दोन वर्षांत तिरप्या कापाचे एक टोक उघडे पडते, आणि त्या फटीत प्रथम धूळ व नंतर पाणी शिरते. म्हणून सुतारांनी दुसरा मार्ग काढला. अखंड पट्टीची गोलाई जशीच्या तशी राहू द्यावयाची, आणि तिला येऊन भिडणाऱ्या तुकड्याचे टोक त्या गोलाईच्या बरोबर उलट आकारात कोरावयाचे, जेणेकरून घोड्याच्या पाठीवर खोगीर बसावे तसे ते टोक अखंड पट्टीवर चपखल बसेल. पुढे लाकूड आक्रसले तरी टोक गोलाईवर किंचित सरकते एवढेच. फट दिसत नाही.

हे उलटे कोरीवकाम अचूक कसे साधावे? येथे भूमितीने सुताराला अनपेक्षित साहाय्य केले आहे. तुकड्याचे टोक आधी पंचेचाळीस अंशांत तिरपे कापले, म्हणजे त्या कापाची जी कड गोलाईवर उमटते, ती समोरून पाहिली असता नेमकी समोरच्या पट्टीच्या गोलाईची रेषा असते. वेगळे आखण्याची गरजच उरत नाही. कापाने स्वतःच आखून दिलेल्या त्या रेषेच्या मागचे लाकूड गोल पटाशीने काढीत गेले की टोक तयार. तिरपा काप चुकू नये म्हणून गोलाईवर बसेल असा लाकडाचा किंवा पितळेचा छोटा साचा पट्टीवर ठेवतात आणि पटाशी त्याच्या तिरप्या कडेला टेकवून चालवितात. या पद्धतीला एक अट आहे: गोलाई कोठेही आत वळून पोकळ झालेली नसावी, नाहीतर वरून येणारे टोक तिच्यात बसणारच नाही. खिडक्यांच्या पट्ट्यांची नक्षी शतकानुशतके एका ठराविक कुळातलीच का राहिली, तिच्यात कारागिरांनी मन मानेल तसे वेलबुट्टीचे स्वातंत्र्य का घेतले नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी या अटीत आहे. नक्षी सांध्याच्या सोयीने ठरली. सांधा नक्षीच्या सोयीने नव्हे.

कामाचा व्याप किती, याचा हिशेब मांडून पाहावा. अठराव्या शतकातील लंडन, बाथ, डब्लिन वा एडिंबरो येथील घरांत सर्रास आढळणारी खिडकी म्हणजे वरच्या झडपेत सहा काचा व खालच्या झडपेत सहा काचा. प्रत्येक झडपेत तीन उभे स्तंभ व दोन आडव्या ओळी. म्हणजे दोन उभ्या पट्ट्या, आणि तीन तुकड्यांत तुटलेली एक आडवी पट्टी. उभ्या पट्ट्यांची चार टोके व आडव्या तुकड्यांची सहा टोके मिळून दहा टोके, दोन झडपांची वीस. प्रत्येक टोकाच्या दोन्ही कडांना गोलाई, म्हणजे एका खिडकीत चाळीस ठिकाणी हे उलटे कोरीवकाम, आणि झडपांचे आठ कोपरे ते वेगळेच. यातील एखादा तुकडा केसभर आखूड झाला तर सांधा उघडा पडतो; केसभर लांब झाला तर तो अखंड पट्टीला ढकलून वाकवितो, आणि खिडकीवर तिरपा उजेड पडला म्हणजे तो बाक लपत नाही. म्हणून जाणता सुतार प्रत्येक तुकडा फूटपट्टीने मोजीत बसत नसे. खिडकीची सारी मापे तो पूर्ण आकारात एका फळीवर आखून घेई, एकाच जातीचे सगळे तुकडे एकत्र आवळून त्यांवर गुण्याने एकदमच रेघ मारी, आणि नंतर फळीखेरीज दुसरे काही प्रमाण मानीत नसे. इतकी सडपातळ पट्टी रंध्याखाली थरथरते, म्हणून तिला धरून ठेवण्यासाठी खोबण पाडलेली एक वेगळी फळीही त्याच्या बाकावर असे.

याच कौशल्याच्या बळावर पट्टी हळूहळू कृश होत गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या इंग्लंडात नुकत्या रूढ होत होत्या, तेव्हा पट्ट्या दीड इंच आणि त्याहूनही अधिक रुंद असत. त्या काळच्या खिडक्यांत लाकूड आधी दिसते, काच मागाहून. शंभर-सव्वाशे वर्षांनंतर, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तीच पट्टी अर्ध्या-पाऊण इंचावर आली. लाकूड तेच किंवा बहुधा अधिक हलकेच. ओकऐवजी बाल्टिक किनाऱ्यावरून येणारे सरळ तंतूंचे सूचिपर्णी लाकूड. वाढली होती ती सांध्यावरची सुताराची हुकमत. त्या काळातील खिडक्या पाहिल्या म्हणजे लाकडी कामाला एवढा हलकेपणा पुन्हा लाभला नाही, असे म्हणावेसे वाटते.

पट्ट्या गेल्या त्या मोठ्या काचेच्या आगमनाने. जकात उठली, लांब नळकांड्याच्या आकारात फुगवून मग चिरून सपाट केलेली मोठी काच स्वस्त झाली, ओतीव काचही सामान्य घरांच्या आवाक्यात आली, आणि ज्यांना आपली ऐपत शेजाऱ्यांना दाखवावयाची होती त्यांनी सहा-सहा तावदानांच्या जुन्या झडपा काढून एकसंध काचेच्या नव्या बसविल्या. बाथसारख्या नामांकित शहरातील दर्शनी घरांवरही हा प्रयोग झाला, आणि ज्या भिंतींच्या प्रमाणबद्धतेची कीर्ती होती त्यांना डोळ्यांच्या खोबणी पडल्यासारखे दिसू लागले. या बदलाचा एक परिणाम झडपेच्या कोपऱ्यांवर झाला. पट्ट्यांचे जाळे होते तोपर्यंत भार अनेक सांध्यांत वाटला जाई. आता जड काचेचा सारा बोजा चार कोपऱ्यांवर आला. त्यांपैकी ज्या कोपऱ्यांत दोन झडपा मध्यभागी एकमेकींना भेटतात तेथील सांधा सर्वांत दुबळा, कारण उभ्या दांड्याच्या अगदी टोकाशी पाडलेली खाच एका बाजूने उघडीच राहते. त्यावर उपाय म्हणून उभा दांडा सांध्याच्या पुढे दोन-तीन इंच तसाच वाढवून ठेवण्याची चाल १८४० च्या सुमारापासून पडली. त्यामुळे खाच चारही बाजूंनी बंदिस्त झाली व कुसू पाचरी मारून घट्ट बसविता येऊ लागले. वाढीव टोकाला शोभा यावी म्हणून त्याला शिंगासारखे वळण देत. गंमत अशी की, आज जुन्या धाटणीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सहा-सहा तावदानांच्या खिडक्यांनाही ही शिंगे हटकून लावलेली असतात. ज्या खिडकीला त्यांची गरज कधीच नव्हती तिच्या कपाळी ती आली आहेत.

छेदाचा प्रश्न सोडविण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे छेदच न ठेवणे, आणि तो ज्याने पत्करला तो सुतार नव्हता, माळी होता. डर्बीशरमधील चॅट्सवर्थच्या सरदारी उद्यानाचा व्यवस्थापक जोसेफ पॅक्स्टन याने तेथे प्रचंड काचघर बांधावयास घेतले, तेव्हा हाताने इतक्या पट्ट्या रंधून घेणे अशक्य आहे हे ओळखून त्याने १८३८ च्या सुमारास वाफेवर चालणारे पट्टी कापण्याचे यंत्र तयार केले; पुढे त्याबद्दल त्याला कलासंस्थेचे पदक मिळाले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनासाठी त्याने जो स्फटिकमहाल उभारला, त्यात सुमारे तीन लक्ष काचा लागल्या, आणि त्यांना धरणाऱ्या पट्ट्यांची एकूण लांबी दोनशे मैलांहून अधिक भरली. पण त्या पट्ट्या एकाच दिशेने धावत होत्या. एकोणपन्नास इंच लांब व दहा इंच रुंद काच छपराच्या एका घडीच्या कण्यापासून पन्हळीपर्यंत एकसंध पोचत असल्यामुळे मध्ये आडवी पट्टी घालण्याचे कारणच नव्हते. कापायची, रंगवायची आणि ठोकायची. दोनशे मैलांत एकही खोगीर नाही! अभियंत्याला याचा अभिमान वाटणे योग्यच आहे, आणि सुताराला थोडी खंत वाटली असल्यास तीही समजण्यासारखी आहे. ज्या वर्षी खिडक्यांवरील कर उठला त्याच वर्षी हा महाल उभा राहिला.

आपल्याकडे काच उशिरा आली. वाड्यांच्या खिडक्यांना गज, झडपा व लाकडी जाळ्या होत्या. उजेडापेक्षा ऊन, पाऊस आणि नजर यांना अडविण्याकडे त्यांचे लक्ष अधिक. गोव्यात मात्र पोर्तुगीज अमदानीत एक निराळीच वस्तू काचेच्या जागी आली: उथळ समुद्रात सापडणाऱ्या एका सपाट, अर्धपारदर्शक शिंपल्याचे चौकोनी तुकडे कापून, खोबणी पाडलेल्या अरुंद लाकडी पट्ट्यांत ते सरकवून बसवीत. दुपारचे ऊन त्यातून दुधी होऊन आत येई. मुंबईत इंग्रजांच्या आरंभीच्या घरांतही अशी शिंपल्यांची तावदाने असल्याचे अठराव्या शतकातील प्रवाशांनी नमूद केले आहे. शिंपला काचेहूनही लहान असल्यामुळे येथे पट्ट्यांची दाटी अधिक. आणि तरीही शिंपला हलका असल्याने ती पट्टी चिंचोळी राहू शकली, हे त्या जुन्या गोमंतकीय घरांच्या ओसरीवर उभे राहून पाहण्याजोगे आहे.

पुढे इंग्लिश नमुन्याच्या खिडक्या आल्या त्या सागवानात घडल्या. सागवान हे या कामाला बाल्टिक लाकडाहून अनेक परींनी सरस आहे: ओलाव्याने ते कमी फुगते, कमी आक्रसते, आणि अंगच्या तेलामुळे कुजण्याला दाद देत नाही. परंतु तेच तेल सरसाला नीट धरू देत नाही. म्हणून येथील मिस्त्रींनी सरसावर विसंबून न राहता सांध्यातून आरपार बांबूची किंवा लाकडाची खुंटी ठोकण्याचा शिरस्ता पाळला. कोकणपट्टीत तीन-चार महिने अखंड कोसळणाऱ्या पावसात ज्या खिडक्या शंभर वर्षे तगून राहिल्या, त्यांच्या आयुष्याचे श्रेय लाकडाइतकेच त्या खुंटीलाही दिले पाहिजे.

आजची परिस्थिती काय आहे? जुन्या धाटणीची आवड परत आली आहे, पण दोन काचांच्या मध्ये हवेचा बंदिस्त थर ठेवलेली जाड काच थंड देशांत सक्तीची झाल्यासारखी आहे. तिची बंदिस्त कड झाकण्यासाठी पट्टी पुष्कळच रुंद करावी लागते, आणि अशा रुंद पट्ट्यांची सहा-सहा तावदाने म्हणजे सतराव्या शतकाकडे परत जाणे. मग कारखाने तोड काढतात ती अशी की, काच एकसंध ठेवावयाची आणि तिच्या दोन्ही पृष्ठांवर पातळ पट्ट्या नुसत्या चिकटवावयाच्या. यंत्राने कापलेल्या त्या पट्ट्यांचे छेद निर्दोष असतात, कारण तेथे धरण्यासारखे काही नसतेच. अशा खिडकीला फसवी म्हणणे काहींना कठोर वाटेल. लेखकाला तसे वाटत नाही. काचेवर पडणाऱ्या प्रतिबिंबांवरून ती लगेच ओळखू येते: खऱ्या खिडकीत प्रत्येक तावदान किंचित वेगळ्या कोनात बसलेले असल्यामुळे समोरचे झाड प्रत्येक चौकटीत थोडे थोडे निराळे दिसते, येथे ते सबंध काचेवर एकसलग पसरते. ज्यांना थंडी अडवावयाची आहे आणि जुनी खिडकीही राखावयाची आहे, त्यांच्यासाठी आतल्या बाजूने वेगळी काचेची झडप लावण्याचा उपाय अधिक प्रामाणिक आहे, आणि जुन्या लाकडाला त्यात हातही लावावा लागत नाही.

आपल्या हवेत तो प्रश्न नाही. येथे शत्रू पाणी. ज्यांच्या घरी अशा जुन्या खिडक्या शिल्लक आहेत त्यांनी पावसाळ्यापूर्वी खालच्या आडव्या दांड्याशी मिळणारे उभ्या पट्ट्यांचे सांधे पाहावेत, कारण काचेवरून ओघळणारे पाणी तेथेच थबकते आणि कुजणे तेथूनच सुरू होते. अणकुचीदार हत्याराने दाबून पाहता लाकूड मऊ लागले, तरी सबंध झडप भंगारात काढण्याचे कारण नाही: कुजलेले टोक तिरपे कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा जोडता येतो, आणि त्याला नवे कुसू काढून जुन्याच खाचेत बसविता येते. तडकलेली लांबी पटाशीने काढताना मात्र जपावे. तिच्याखालची लाकडाची जीभ बोटाच्या नखाएवढीही जाड नसते, आणि लांबी तिच्याहून कठीण झालेली असते. नवी लांबी पृष्ठभागावर साय धरेपर्यंत काही आठवडे तशीच ठेवून मग रंगवावी, आणि रंगाचा हात लांबीच्या कडेशी न थांबविता काचेवर एक-दोन मिलिमीटर पुढे न्यावा, म्हणजे काच आणि लांबी यांच्यामधील फटीचे तोंड बंद होते. हौशी रंगारी ती कड पात्याने खरवडून काच स्वच्छ करतात व काम नीटनेटके झाले म्हणून समाधान मानतात. पाणी त्याच खरवडलेल्या रेषेतून आत जाते.